बीपीची गोळी: जोखीम बदलाच्या दिवसांची

1 मे 2021 पासून न्यूझीलंडमध्ये कुठल्याही नव्या रुग्णाला सिलाझाप्रिल ही रक्तदाबाची गोळी सरकारी अनुदानातून मिळेनाशी झाली. जगात इतरत्र फारशी न चालणारी ही गोळी या देशात मात्र घरोघरी होती. देशासाठी औषधं निवडून ती घाऊक भावात पदरात पाडून घेणारी फार्मॅक ही सरकारी संस्था 1993 साली स्थापन झाली आणि तिने नव्वदच्या दशकाच्या अखेरीस केलेल्या सौद्यांमुळे सिलाझाप्रिल इथल्या डॉक्टरांच्या हातात बसली. पुढे जगभरातली मागणी आटली. तिच्या बाजूचा पुरावाही कुळातल्या इतर औषधांच्या मानाने तोकडाच होता. त्यामुळे जुन्या रुग्णांनाही टप्प्याटप्प्याने दुसऱ्या गोळ्यांवर आणायचं ठरलं. गोळी घातक निघाली म्हणून हे घडलं नव्हतं, तरीही बदल करताना डोळ्यांत तेल घालावं लागत होतं. एका औषधाचे पाच मिलिग्रॅम म्हणजे दुसऱ्याचे पाच मिलिग्रॅम नव्हेत. घरात जुनी डबी अर्धी भरलेली असते. नव्या गोळीचं नाव वेगळं, रंग वेगळा, तेव्हा ही आणखी एक गोळी वाढवली असं समजून दोन्ही घेतल्या जाऊ शकतात. बदलानंतर रक्तदाब आणि मूत्रपिंडाचं काम पुन्हा तपासायचं असतं, ते राहून जाऊ शकतं. रक्तदाबाच्या औषधांच्या सुरक्षिततेचा सगळा प्रश्न या एका उदाहरणात सापडतो. वर्षानुवर्षं नेमाने घेतलेली, अंगवळणी पडलेली गोळी सहसा दगा देत नाही. घोटाळे होतात ते काहीतरी बदलतं तेव्हा: गोळी सुरू होते, थांबते, तिचा ब्रँड बदलतो, माणूस देश बदलतो, आजारी पडतो किंवा दुसरं एखादं औषध मधे येतं. सुरक्षितपणे औषध घेणं म्हणजे मुख्यतः हे बदल नीट सांभाळणं.

पण आधी मुळावरच येणारी शंका निकालात काढली पाहिजे. काही दुखत नाही, खुपत नाही, मग जन्मभर गोळी कशासाठी? याचं उत्तर 1967 सालापासून उपलब्ध आहे. अमेरिकेत माजी सैनिकांच्या रुग्णालयांमध्ये एडवर्ड फ्राइस यांनी 143 पुरुषांवर चाचणी केली. सगळ्यांचा खालचा रक्तदाब 115 ते 129 च्या दरम्यान होता. ज्यांना खोटी गोळी दिली त्यांच्यात 27 जणांना गंभीर उपद्रव झाले, खऱ्या औषधाच्या गटात फक्त दोघांना. वय झाल्यावर औषधाचा काय उपयोग, ही शंका 2008 च्या हायवेट चाचणीने मोडीत काढली. ऐंशी आणि त्यापुढच्या वयाच्या 3,845 जणांवरची ही चाचणी औषध घेणाऱ्यांत मृत्यू कमी दिसल्यामुळे मुदतीआधीच थांबवावी लागली. तरीही आकडा दिसला की गोळी, हा खाक्या बरोबर नाही, आणि या बाबतीत न्यूझीलंडने जगाला काही शिकवलं आहे. ऑकलंड विद्यापीठातले रॉड जॅक्सन आणि त्यांचे सहकारी नव्वदच्या दशकापासून सांगत आले की रक्तदाबाच्या एकट्या आकड्याकडे न पाहता माणसाची पुढच्या पाच वर्षांतली हृदयविकाराची आणि पक्षाघाताची एकूण जोखीम मोजा. 2018 मध्ये इथल्या लाखो रुग्णांच्या नोंदींवरून बनवलेली समीकरणं प्रसिद्ध झाली आणि त्यांत भारतीय वंशाची वेगळी दखल घेतली गेली. त्याच वर्षीच्या आरोग्य मंत्रालयाच्या मार्गदर्शनानुसार पाच वर्षांची जोखीम 15 टक्के किंवा जास्त असेल तर 130/80 पासूनच औषधाची शिफारस होते, 5 ते 15 टक्क्यांच्या दरम्यान असेल तर 140/90 पासून डॉक्टर आणि रुग्ण मिळून ठरवतात, आणि 160/100 च्या पुढे जोखीम कितीही असली तरी औषध सुचवलं जातं. दक्षिण आशियाई पुरुषांची तपासणी तिसाव्या वर्षी आणि स्त्रियांची चाळिसाव्या वर्षी सुरू करावी, असंही त्यात म्हटलं आहे. ज्यांना कुठलाही ज्ञात धोका नाही अशा इतरांसाठी ही वयं 45 आणि 55 आहेत. आपल्या माणसांनी हा पंधरा वर्षांचा फरक मनावर घ्यायला हवा.

औषध सुरू होण्याचा काळ हा पहिला नाजूक टप्पा. 2008 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेल्या एका अभ्यासात, झाकण उघडल्याची वेळ नोंदवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डब्या वापरून 4,783 रुग्णांच्या सवयी पाहिल्या गेल्या. वर्षभरात जवळजवळ निम्म्या लोकांनी गोळी सोडून दिली होती. सोडण्याचं एक कारण सगळीकडे सापडतं: त्रास होतो आणि तो डॉक्टरांना सांगितला जात नाही. एसीई इन्हिबिटर कुळातल्या गोळ्यांनी काहींना कोरडा, चिवट खोकला लागतो. अम्लोडिपिनने घोट्यांना सूज येते. लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांनी, विशेषतः वयस्क स्त्रियांमध्ये, रक्तातलं सोडियम घसरू शकतं आणि मग थकवा, गोंधळलेपणा आणि तोल जाणं सुरू होतं. यातल्या प्रत्येकावर उपाय आहे. खोकला आला तर एआरबी कुळातली गोळी देता येते, सूज आली तर मात्रा कमी करता येते किंवा औषध बदलता येतं. न सांगितलेल्या त्रासावर मात्र भलताच उपाय होतो: सूज हा नवा आजार समजून तिच्यासाठी आणखी एक गोळी मागे लागते, खोकल्यासाठी सिरपच्या बाटल्या रिकाम्या होतात. एसीई किंवा एआरबी सुरू केल्यावर किंवा मात्रा वाढवल्यावर साधारण एक-दोन आठवड्यांत क्रिएटिनिन आणि पोटॅशियमची रक्ततपासणी करतात, ती टाळू नये. ओठ, जीभ किंवा चेहरा सुजला तर वाट न पाहता 111 या आपत्कालीन क्रमांकाला फोन करायचा असतो. दिवस राहण्याचा विचार असलेल्या स्त्रीने या दोन्ही कुळांतल्या गोळ्यांबद्दल आधीच डॉक्टरांशी बोलावं, कारण त्या गर्भाला अपायकारक आहेत आणि त्यांना सुरक्षित पर्याय आहेत. थांबवतानाही हाच विवेक लागतो. मेटोप्रोलॉलसारखी बीटा ब्लॉकर गोळी एकाएकी बंद केली तर नाडी उसळते आणि हृदयविकार असलेल्याला छातीत दुखू शकतं. क्लोनिडिन अचानक सोडलं तर रक्तदाब आधीपेक्षाही वर जातो.

दुसरा टप्पा देश बदलण्याचा, आणि न्यूझीलंडमधल्या मराठी घरांत तो वारंवार येतो. ऑकलंडच्या सँडरिंगहॅमला किंवा पापाटोएटोएला मुलाकडे आलेल्या आईवडिलांच्या बॅगेत पुण्याच्या किंवा नागपूरच्या केमिस्टकडून घेतलेला साठा असतो. नियम सरळ आहे. स्वतःच्या वापरापुरती, तीन महिन्यांपर्यंत पुरतील एवढी औषधं, मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या प्रिस्क्रिप्शनसह किंवा पत्रासह आणता येतात आणि उतरल्यावर ती जाहीर करावी लागतात. मागाहून टपालाने मागवलेली औषधं मात्र अडवली जाऊ शकतात. व्हिजिटर व्हिसावर आलेल्यांना इथलं अनुदान लागू नसतं, त्यामुळे साठा संपत आला की गोळी एक दिवसाआड घेण्याचा मोह होतो. पण खरा गोंधळ नावांचा आहे. भारतात माणसं गोळी ब्रँडच्या नावाने ओळखतात, आणि केमिस्टने पट्टी कापून सहा गोळ्या दिल्या की घटकांचं नाव छापलेला तुकडा दुकानातच राहू शकतो. शिवाय टेल्मिसार्टन, अम्लोडिपिन आणि लघवी वाढवणारं औषध अशी दोन-तीन औषधं एकाच गोळीत घालून देण्याची तिथे मोठी चाल आहे. न्यूझीलंडच्या फार्मसीतल्या डबीवर चिकटवलेल्या लेबलवर रुग्णाचं नाव, औषधाचं नाव, मिलिग्रॅम आणि कशी घ्यायची ते लिहिलेलं असतं, आणि इथे एआरबीपैकी लिहून दिली जातात ती मुख्यतः कॅन्डेसार्टन किंवा लोसार्टन. आता कल्पना करा, आजोबा भारतातली त्यांची 'बीपीची एक गोळी' सकाळी घेतात आणि इथल्या डॉक्टरांनी वाढलेला आकडा पाहून लिहिलेलं कॅन्डेसार्टन रात्री घेतात. त्यांच्या लेखी औषधं दोन आहेत. प्रत्यक्षात एकाच कुळातली दोन औषधं पोटात जाताहेत, शिवाय बाकीचे दोन घटक वेगळेच. अशा दुहेरी माऱ्याने फायदा वाढत नाही. 2008 साली प्रसिद्ध झालेल्या ऑनटार्गेट या 25,620 जणांच्या चाचणीत रॅमिप्रिल ही एसीई आणि टेल्मिसार्टन ही एआरबी गोळी एकत्र दिल्यावरही हृदयाला जास्तीचा लाभ झाला नाही, चक्कर आणि मूत्रपिंडाच्या तक्रारी मात्र वाढल्या. म्हणून विमानात बसण्यापूर्वी ब्रँड नव्हे, घटकांची नावं आणि मिलिग्रॅम लिहून घेणं हे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी काम आहे.

तिसरा बदल दर काही वर्षांनी होतो आणि त्यावर सर्वांत जास्त कुरकुर ऐकू येते: फार्मॅकने कंत्राट दुसऱ्या कंपनीला दिलं, गोळीचा आकार-रंग बदलला, आणि 'ही नवी मला मानवत नाही' अशी तक्रार सुरू झाली. हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही आणि डोळे झाकून मान्य करण्यासारखाही नाही. 2007 साली न्यूझीलंडमध्ये एल्ट्रॉक्सिन या थायरॉइडच्या गोळीचं उत्पादन बदललं. आधीच्या तीस वर्षांत तिच्याबद्दल दुष्परिणामांच्या 14 तक्रारी नोंदल्या गेल्या होत्या, नंतरच्या दीड वर्षात त्या 1,400 च्या वर गेल्या. तपासात गोळीतलं मूळ औषध तेच आणि तेवढंच निघालं. तक्रारींची लाट माध्यमांतल्या बातम्यांबरोबर उसळली होती. पुढे 2013 मध्ये ऑकलंड विद्यापीठातल्या संशोधकांनी 62 विद्यार्थ्यांना बीटा ब्लॉकर म्हणून खोट्या गोळ्या दिल्या आणि मध्येच काहींची गोळी 'बदलली'. दोन्ही वेळा पोटात औषध नव्हतंच, तरी ज्यांची गोळी बदलली त्यांना गुण कमी आला आणि त्रास जास्त जाणवला. याचा अर्थ माणसं नाटक करतात असा नाही. अपेक्षेचा शरीरावर खराखुरा परिणाम होतो, एवढाच याचा अर्थ. यातून निघणारा व्यवहार दुहेरी आहे. फार्मसिस्टने बदल आधी सांगावा, नव्या-जुन्या डब्या शेजारी ठेवून औषध तेच असल्याचं दाखवावं आणि जुनी डबी परत घ्यावी. रुग्णाने गोळी मनानेच सोडण्याऐवजी पंधरा दिवस घरी रक्तदाब मोजून आकडे डॉक्टरांपुढे ठेवावेत. आकडे बिघडले असतील तर तक्रारीला पुरावा मिळतो, नसतील तर मन निवांत होतं. तरीही शंका उरली तर न्यूझीलंडमध्ये रुग्ण स्वतःही दुष्परिणामाची नोंद औषध-नियामकाकडे करू शकतो.

चौथा बदल सर्वांत बेमालूम, कारण तो डॉक्टरकडे न जाता घडतो. आयबुप्रोफेन इथे सुपरमार्केटमध्ये दूध-ब्रेडच्या शेजारी मिळतं. गुडघे दुखले की दोन गोळ्या घेणं कुणाला औषध घेतल्यासारखं वाटतच नाही. पण ते रक्तदाब वाढवतं, आणि एसीई किंवा एआरबी गोळी, लघवी वाढवणारी गोळी आणि आयबुप्रोफेन ही तीन एकत्र आली तर मूत्रपिंड अचानक हात टेकू शकतं. इथल्या डॉक्टरांना या त्रिकुटाबद्दल वारंवार सावध केलं जातं, पण सुपरमार्केटच्या कॅश काउंटरवर कुणी विचारत नाही. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल आधी वापरून पाहावं आणि त्याच्या पलीकडचं काही लागलं तर विचारून घ्यावं. सर्दीच्या औषधांतलं स्यूडोएफेड्रिन 2011 पासून न्यूझीलंडमध्ये प्रिस्क्रिप्शनशिवाय मिळत नव्हतं, 2024 पासून ते फार्मसीच्या काउंटरवर परतलं आहे. रक्तदाब असलेल्यांनी ते घेण्याआधी फार्मसिस्टला स्वतःहून सांगितलं पाहिजे. बाकीची यादी स्वयंपाकघरातली आहे. खोकल्याच्या काढ्यातलं ज्येष्ठमध भरपूर आणि रोज घेतलं तर शरीरात मीठ-पाणी साठवतं, पोटॅशियम उतरवतं आणि रक्तदाब चढवतं. मिठाऐवजी मिळणाऱ्या 'लो सॉल्ट'मध्ये पोटॅशियम क्लोराइड असतं, ते एरवी हितकारक असलं तरी एसीई, एआरबी किंवा स्पायरोनोलॅक्टोन घेणाऱ्याच्या, त्यातून मूत्रपिंड कमजोर असलेल्याच्या, रक्तात पोटॅशियम धोकादायक पातळीवर नेऊ शकतं. इथे वापरात असलेल्या फेलोडिपिनबरोबर ग्रेपफ्रूट खाल्लं तर औषधाची रक्तातली पातळी वाढते, आणि आपल्या पपनसातही त्याच जातीची द्रव्यं आहेत.

इथे एक नेहमीचा आक्षेप येतो: रसायनांपेक्षा आपली झाडपाल्याची औषधं निर्धोक. त्याला उत्तर मुंबईतूनच मिळालं आहे. डॉ. रुस्तम जाल वकील यांनी 1949 साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये सर्पगंधेचा रक्तदाबावरचा परिणाम सांगणारा निबंध प्रसिद्ध केला आणि जगाचं लक्ष त्या मुळीकडे गेलं. त्यासाठी 1957 मध्ये त्यांना लास्कर पुरस्कार मिळाला. तिच्यातून निघालेलं रिसर्पिन बरीच वर्षं जगभर वापरलं गेलं आणि त्याबरोबर नैराश्य, सुस्ती, नाक चोंदणं या तक्रारीही आल्या. मुळीत ताकद होती म्हणूनच तिला दुष्परिणाम होते. जे रक्तदाब उतरवू शकतं ते फाजीलही उतरवू शकतं, मग ते मुळीतून येवो वा कारखान्यातून. अर्जुनारिष्ट घ्या किंवा घेऊ नका, पण डॉक्टरांपासून लपवून घेऊ नका.

शरीराची स्थिती बदलते तो पाचवा प्रसंग. उलट्या-जुलाब लागले, अंगातलं पाणी कमी झालं, अशा दिवशी एसीई, एआरबी आणि लघवी वाढवणारी गोळी नेहमीसारखी घेतली तर रक्तदाब फार उतरून मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. अशा वेळी कुठली गोळी थांबवायची, पुन्हा कधी सुरू करायची, हे तब्येत ठणठणीत असतानाच जीपीला, म्हणजे फॅमिली डॉक्टरांना, विचारून लिहून ठेवावं. ऐन वेळी 0800 611 116 या हेल्थलाइनवर दिवसरात्र विनामूल्य सल्ला मिळतो. निर्जळी उपासाला आणि मे महिन्यातल्या विदर्भाच्या उन्हाला हाच विचार लागू आहे. ऑकलंडच्या गारठ्यातून थेट चंद्रपूरच्या उन्हाळ्यात उतरणाऱ्या माणसाला तीच मात्रा भारी पडू शकते. साध्या उपासाला मात्र गोळी चुकवण्याचं कारण नाही, पाण्याबरोबर घेतलेल्या गोळीने असा उपास मोडत नाही. वेळेची चिंता मात्र गरजेपेक्षा जास्त केली जाते. रात्री घेतलेली गोळी जास्त गुणकारी असा गाजावाजा 2019 च्या एका स्पॅनिश अभ्यासाने झाला होता. 2022 मध्ये ब्रिटनमधल्या 21,104 रुग्णांवरच्या टाइम चाचणीत सकाळ आणि रात्र यांत फरक आढळला नाही. म्हणून जी वेळ विसरली जाणार नाही ती योग्य. भारत-न्यूझीलंडच्या घड्याळांत ऋतूनुसार साडेसहा किंवा साडेसात तासांचं अंतर असतं, पण दिवसातून एकदा घ्यायच्या गोळीला तेवढ्याने बाध येत नाही. उतरल्यावर तिथल्या वेळेला घ्यायला लागावं, आणि एखादी चुकली तर भरपाई म्हणून दोन एकदम घेऊ नयेत.

आता व्यवस्थेबद्दल. हे सगळं रुग्णानेच सांभाळायचं तर डॉक्टर-फार्मसिस्ट कशासाठी, हा आक्षेप रास्त आहे. काही गोष्टी व्यवस्थेनेच करायच्या असतात आणि त्यांतल्या काही इथे झाल्याही. प्रत्येक औषधामागची पाच डॉलरची फी 1 जुलै 2023 ला रद्द झाली, वर्षभराने 14 ते 64 वयोगटातल्या, कमी उत्पन्नवाल्यांना मिळणारं कम्युनिटी सर्व्हिसेस कार्ड नसलेल्यांसाठी परत आली. कुटुंबाने वर्षात 20 औषधांची फी भरली की पुढची माफ होते. पाच डॉलर ही रक्कम किरकोळ वाटते, पण पॉलीन नॉरिस आणि सहकाऱ्यांनी गरीब वस्त्यांत केलेल्या चाचणीत फी माफ असलेल्या गटातली माणसं रुग्णालयात कमी दाखल झाली. काही साखळी फार्मसी ही फी घेतच नाहीत, त्यामुळे लोक कुठलं औषध इथून, कुठलं तिथून घेतात. त्यात पैसे वाचतात, पण सगळ्या गोळ्या एकत्र पाहणारा फार्मसिस्ट उरत नाही. 2025 च्या अर्थसंकल्पात बारा महिन्यांपर्यंतचं प्रिस्क्रिप्शन देण्याची तरतूद जाहीर झाली. स्थिर रुग्णाची त्याने सोय होते, आणि गोळी खंडित होण्याचं एक कारण जातं. मात्र जीपीची भेट लांबली की रक्ततपासणी आणि रक्तदाबाची नोंद निसटण्याची भीती असते, तेव्हा तारीख आपणच कॅलेंडरवर टाकावी. भाषेची अडचणही रुग्णाची खासगी उणीव मानली जात नाही: 1996 च्या रुग्णहक्क संहितेनुसार समजेल अशा भाषेत माहिती मिळणं हा हक्क आहे आणि गरज असेल व शक्य असेल तिथे दुभाष्याचीही सोय करावी लागते. आईच्या तपासणीला प्रत्येक वेळी सुनेने किंवा मुलाने दुभाषी व्हायलाच हवं असं नाही, आणि काही प्रश्न आई मुलांसमोर विचारतही नाही.

तरीही एक काम कुठलीच व्यवस्था करू शकत नाही. पुण्याच्या डॉक्टरांचं लिहिणं, ऑकलंडच्या जीपीचा संगणक, दोन फार्मसींच्या नोंदी, सुपरमार्केटची पिशवी आणि घरातला काढा, हे सगळं एकत्र दिसतं ते फक्त गोळी घेणाऱ्याला. म्हणून यादी त्याच्याच हातात असायला हवी: प्रत्येक औषधाचं घटकनाव, मिलिग्रॅम, वेळ, कशासाठी, कधी सुरू केलं, विकत घेतलेल्या आणि घरगुती औषधांसह, खाली ॲलर्जी आणि आजारपणात थांबवायच्या गोळ्या. जोडीला दंडावर बांधायचं, योग्य मापाच्या पट्ट्याचं रक्तदाब-यंत्र असावं, पाच मिनिटं शांत बसून सकाळ-संध्याकाळ दोन-दोन वेळा मोजलेले आठवडाभराचे आकडे असावेत. ही यादी रोज वाचायची गरज नाही. नवी गोळी आली, जुनी बदलली, प्रवास ठरला, ताप-जुलाब लागले किंवा काउंटरवरून काही विकत घ्यायचं झालं की ती बाहेर काढायची आणि डॉक्टर किंवा फार्मसिस्टला दाखवून विचारायचं की यातलं काही एकमेकांच्या आड येतं का. बाकीच्या दिवशी गोळी घ्यावी आणि तिचा विचार सोडून आपल्या कामाला लागावं, कारण रक्तदाबाच्या गोळीचा फायदा न चुकता घेण्यातूनच मिळतो आणि रोज धास्तावलेला माणूस ती फार दिवस घेत नाही.